परदेशातून गेमिंगचे सामान मागवताना

सांगलीच्या हळद-बेदाणा व्यापाऱ्यांना फॉरवर्डर नवा नाही. आता साताऱ्या-सांगलीतली गेम खेळणारी मुलंही त्याची सेवा घेऊ शकतात. परदेशी दुकान भारतात माल पाठवत नसेल, तर फॉरवर्डर आपल्याला तिथल्या गोदामाचा पत्ता देतो. माल तिथे उतरतो आणि पुढे कुरियरने आपल्याकडे येतो.

खरा खर्च इथेच वाढतो. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांपैकी जास्त असेल ते धरतो. समजा, स्टिअरिंग व्हीलचा खोका ५० बाय ४० बाय ३० सेंटिमीटरचा आहे. गुणाकार ६०,०००, त्याला नेहमीप्रमाणे ५,०००ने भागलं की १२ किलो. आत सात किलोच असले तरी भाडं बाराचं! म्हणून गोदामाला जादा पॅकिंग काढायला जरूर सांगा.

पुढे सीमाशुल्क. ते ठरवताना वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमाही मिळवतात. 'भेटवस्तू' लिहून ते टळत नाही. भेटवस्तूंवरची शुल्कसवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता. किंमत कमी दाखवणारं बिल तर मुळीच नको, माल जप्त होऊ शकतो. कुरियर आधार किंवा पॅन मागेल, ते तयार ठेवा.

माल अमेरिकेतून येत असेल तर विजेचंही बघा: तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अडॅप्टरवर '१००-२४०' छापलेलं असेल तरच तो थेट लावा. वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा.