नर की मादी? जरा थांबा!

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. माशांचं शास्त्र कुठे शिकलेलो नाही. पण घरात काचेच्या टाक्या आहेत, आणि मनावरच्या आपल्या बऱ्याच घरांतून मला एकच प्रश्न येतो : "भाऊ, यातला नर कुठला आणि मादी कुठली?" म्हणून आज तेवढंच सांगतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून. मुलगी सातवीत असताना तिच्या वाढदिवसाला मी इंदूरहून एंजल माशांची 'जोडी' आणली. रुपयाएवढी पिल्लं. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "हा नर, ही मादी." वर्षभराने त्यांनी फिल्टरच्या नळीवर अंडी घातली. घरात केवढा आनंद! एंजलची फळलेली अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. आमची मात्र तिसऱ्या दिवशी पांढरीफटक पडली. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मुलगी रडायची, "बाबा, मी पाणी नीट बदललं नाही का?" चूक तिची नव्हतीच. दोन्ही माद्याच होत्या! नर मिळाला नाही तर दोन माद्याही जोडी जमवतात, अंडी घालतात, राखतात. पण ती अंडी फळत नाहीत.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. ऑस्कर, आफ्रिकेतले पिवळे मलावी, तिलापिया हे सगळे त्याचे भाऊबंद. कोकण-गोव्याकडचे पाहुणे ज्या काळुंदराची आठवण काढतात, तोही याच कुळातला. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात. गंमत अशी, की काळुंदर पूर्ण वाढला तरी वरून पाहून नर-मादी सांगता येत नाही. ऑस्करचंही तेच. मग बोटाच्या पेराएवढ्या पिल्लाचं कोण सांगणार?

शिवाय काही सिक्लिडांत पिल्लू नर होणार की मादी, हे पहिल्या काही आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावरही ठरतं. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या एपिस्टोग्रामांत पाणी कोमट असलं तर नर जास्त निघतात. म्हणजे जे अजून ठरायचंच आहे, ते आपण दुकानात उभे राहून विचारत असतो!

तरी काही खुणा आहेत. काळ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट त्यातल्या त्यात सोपा. एरवी रंग नराला जास्त, इथे उलटं. दीड-दोन इंचांची झाली की मादीच्या पोटावर नारिंगी चमक येते. नर राखाडीच राहतो. मलावी माशांच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. ते ठळक असले तर नर, असं सांगतात. पण ठिपके माद्यांनाही असतात, तेव्हा त्यावर पैज लावू नका. एंजलची खरी खूण अंडी घालायच्या वेळीच दिसते. पोटाखाली एक बारीक नळी उतरते. नराची निमुळती, टोकदार. मादीची जाड, बोथट.

जाणकार मासा उलटा धरून पोटाखालची दोन छिद्रं पाहतात. दोन्ही साधारण सारखी तर नर. मागचं मोठं तर मादी. तिलापिया पाळणारे असेच नर निवडतात, कारण नर लवकर वाढतात. पण त्यासाठी मासा जरा मोठा हवा, हात ओले हवेत आणि काम क्षणात उरकायला हवं. पिल्लांवर हा प्रयोग करू नका, कोवळा जीव दुखावतो.

मग खात्रीचा उपाय कोणता? 'जोडी'चे जादा पैसे देऊ नका. एकाच जातीची सहा पिल्लं घ्या, मोठ्या टाकीत एकत्र वाढवा. वेळ आली की दोघं आपणहून एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना पिटाळतात. तीच तुमची जोडी. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला असंच झालं, आणि टाकीत पिल्लांचा ढग पाहून मुलीने शेजारच्या सगळ्या मुलांना गोळा केलं.

उरलेल्या चौघांचं काय? हा खरा प्रश्न. "मान नदीत सोडून देऊ," असं मीही म्हणालो होतो. मुलीने विचारलं, "मग तिथल्या माशांचं काय?" मी गप्प झालो. तिलापिया 1952 साली बाहेरून आपल्या देशात आणला. आज तो कितीतरी नद्या-तलावांत मूळ माशांच्या जागेत नि खाण्यात वाटा मागतो. आपली मान पुढे नर्मदेला मिळते, आणि नर्मदा म्हणजे महाशीरचं घर. महाशीर हा आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा. तेव्हा जादा मासे ओळखीच्यांना द्या, दुकानात परत द्या, पण नदीत सोडू नका. आमचे चार तिघा घरी गेले. त्यातलं एक घर याच मंडळातलं आहे.

उद्या-परवा आपण बाप्पाला निरोप द्यायला जाऊ. विसर्जन मूर्तीचं करायचं, माशांचं नाही, एवढं बालमित्रांनी लक्षात ठेवावं. आणि मोठ्यांनी एवढंच, की पिल्लाला नर की मादी विचारण्याआधी त्याला वाढू द्यावं.

गणपती बाप्पा मोरया!