खोक्यातले जहाज



महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा माणूस आज जहाजबांधणीविषयी बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. येऊ द्या. माझे जहाज टेबलावर मावते, आणि ते बांधताना मी जी एक चूक केली तिच्याबद्दल मुख्यतः बोलायचे आहे. ती चूक लाकडाची होती तशी माझीही होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशाहून येताना एक खोका आणून दिला. आत लाकडी जहाजाची जुळणी करण्याचे सामान होते. यंत्राने कापलेले प्लायवुडचे तुकडे, बारीक पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, दोऱ्यांची रिळे, पितळेच्या बारीकसारीक वस्तू, शिडांचे कापड, आणि घडी उलगडली की सतरंजीएवढे होणारे नकाशे. जहाज होते 'बीगल'. शिक्षक मंडळींना हे नाव परिचयाचे असेल. १८२० साली इंग्लंडात वुलिच येथे हे जहाज पाण्यात उतरले, आणि १८३१ च्या डिसेंबरात तरुण डार्विनला घेऊन जगाच्या सफरीवर निघाले. परत आले ते १८३६ च्या ऑक्टोबरात. एवढी मोठी सफर केलेल्या या जहाजाची लांबी होती अवघी सुमारे ९० फूट!

खोक्यातले प्रमाण होते साठास एक. माझा धाकटा मुलगा तेव्हा सातवीत होता, आणि गुणोत्तर-प्रमाण हा त्याचा हमखास गुण घालवणारा धडा. पण इथे तो चटकन म्हणाला, "नव्वद फुटांचे एक हजार ऐंशी इंच. भागिले साठ. बाबा, आपलं जहाज अठरा इंचांचं होणार!" मी मनात म्हटलं, खोक्याची किंमत इथेच वसूल झाली.

कामाची वाटणी मीच केली. नकाशे व सूचना इंग्रजीत, तेव्हा कागद माझ्याकडे, लाकूड त्याच्याकडे. कागदाचा मान केवढा असतो, हे पटवण्यासाठी मी त्याला एक गोष्टही सांगितली. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. तिचे नकाशे १८१२ साली 'जावा' या जहाजातून येत होते. वाटेत अमेरिकन आरमाराने 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे जहाजाबरोबरच गेले! पुन्हा नव्या प्रती येईपर्यंत काम अडले. बांधणीला हात लागला तो १८१६ साली, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. मुंबईचे ते सागवान इतके टिकाऊ निघाले की इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. गोष्ट सांगून मी कागद ऐटीत पुढ्यात घेतला.

आता बांधणीकडे वळू. आधी प्लायवुडचा एक लांब कणा असतो. कोकणात होडीच्या अशा कण्याला पठाण म्हणतात. कण्याला खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेत एकेक आडवा पडदा बसवायचा. माशाच्या काट्याला फासळ्या असाव्यात तसा तो सांगाडा दिसतो. प्रत्येक पडदा कण्याशी काटकोनातच हवा. तो जरा कलला की पुढे सगळे जहाज कलते. हे काम मुलाने केले. सुताराकडून गुण्या मागून आणला आणि दर संध्याकाळी दोन-तीन पडदे चिकटवले. घाई अशी त्याने केलीच नाही.

मग सांगाड्यावर पट्ट्या चढवायच्या. इथे खरी मौज आहे. जहाजाचे पोट मध्ये फुगीर आणि टोकांशी निमुळते. समजा, मधल्या पडद्याची बाजू वरपासून खालपर्यंत १२० मिलिमीटर भरली आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंदीची असली, तर २४ पट्ट्या लागतील. पण पुढच्या टोकाशी बाजू ७२ मिलिमीटरच भरते, आणि त्याच २४ पट्ट्या तिथेही बसायला हव्यात. म्हणजे टोकाशी प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरपर्यंत तासायला हवी. तासलेली पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवायची, ऊब देऊन वाकवायची आणि मगच चिकटवायची. कोरडी वाकवाल तर काडकन मोडेल.

एके दिवशी मुलगा शाळेत गेला होता आणि मला सुट्टी होती. उत्साहाच्या भरात मी बसलो, आणि एकाच बाजूला ओळीने सात पट्ट्या चढवून मोकळा झालो. मनात म्हटलं, पोरगा आला की थक्क होईल.

तो आला. टोकाकडून डोळा लावून बघत म्हणाला, "बाबा, हे वाकडं झालंय."

मी पाहिले. कणा खरोखरच केळ्यासारखा वाकला होता. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "तुझे पडदे तिरके बसलेत. एवढा गुण्या हातात असून काय उपयोग?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीपासून तो त्या टेबलाजवळ फिरकला नाही, आणि प्रमाणाची गणितेही पुन्हा चुकू लागली. खोका कपाटावर गेला तो चार महिने तिथेच राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही देवगडकडे नातेवाइकांकडे गेलो होतो. खाडीच्या काठी मासेमारीची एक लाकडी होडी बांधली जात होती. नकाशा नाही, कागद नाही. मिस्त्रींचा सगळा हिशेब डोळ्यांत. मी बराच वेळ बघत उभा होतो. डाव्या अंगाला एक फळी बसली की माणसे सामान उचलून उजव्या अंगाला जात, आणि तिथे तिची जोडीची फळी बसवून परत डावीकडे येत. मी विचारले, "एक बाजू पुरी करून मग दुसरी घेतली तर हेलपाटे नाही का वाचणार?"

मिस्त्री हसले. म्हणाले, "हेलपाटे वाचतील, पण होडी जाईल, सर. वाकवलेली फळी सरळ व्हायला बघते, ती ओढतच असते. एकाच अंगानं ओढलं तर कणा त्या अंगाला जाणारच. दोन्हीकडून सारखं ओढलं तरच तो मधोमध उभा राहतो."

घरी आल्यावर मी कपाटावरचा कागद काढला. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिले होते: पट्ट्या डावी-उजवी अशा आळीपाळीने बसवा. मी ते पान वाचले होते. ही ओळ मात्र गाळली होती. विद्यार्थ्यांना प्रत्येक शब्द वाचा म्हणून बजावणारा मी!

मुलाला हाक मारली आणि ती ओळ त्याच्याकडूनच वाचून घेतली. अर्थ सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझे पडदे सरळ होते?"

"सरळच असणार. चूक माझी."

वीस वर्षे शिकवतो आहे, पण हे दोन शब्द घरात मोठ्याने उच्चारल्याचे मला आठवत नाही.

"असणार नको," तो म्हणाला. "आपण मोजून बघू या."

मग पांढऱ्या डिंकाचे सांधे आम्ही गरम पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ केले आणि पातळ पात्याने सातही पट्ट्या सोडवल्या. दोन मोडल्या. कणा दोन सरळ फळ्यांमध्ये आवळून आठवडाभर ठेवला. मग त्याने प्रत्येक पडद्याला गुण्या लावला आणि दर वेळी माझ्याकडे पाहिले. एकूण एक काटकोनात होते. त्यानंतर पट्ट्या चढल्या त्या जोडीजोडीने: डावी त्याने बसवायची, उजवी मी. पुढे डोलकाठ्या उभ्या केल्या, तिथेही तोच न्याय. दोन्ही बाजूंचे दोर सारखे ताणले तरच काठी सरळ राहते. दोरांच्या शिड्यांच्या शेकडो गाठी मात्र त्याने एकट्याने सुईने मारल्या. माझी नजर आता तेवढी चालत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, असा खोका महाग असतो. तो प्रत्येक शाळेने आणावा असे मी म्हणणार नाही. पण जाड पुठ्ठ्याचा कणा, पुठ्ठ्याचेच पडदे आणि बांबूच्या चोयट्या एवढ्यावरही दोन फुटांची होडी उभी राहते. तिच्यात प्रमाण आहे, भागाकार आहे, काटकोन आहे. आणि काही वाकडे झालेच, तर मुलाला बोल लावण्यापूर्वी आपल्या हातातला कागद एकदा पुन्हा वाचावा, एवढी विनंती.

आमचे 'बीगल' पुस्तकांच्या कपाटावर उभे आहे. येणारेजाणारे कौतुक करतात. टोकाकडून डोळा लावून पाहिले तर कण्यात अजून केसाएवढा बाक दिसतो. तो कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. मुलगा मात्र आवर्जून दाखवतो आणि म्हणतो, "हा बाबांचा." मीही मान डोलावतो.