उघडे दार आणि तेच ते प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या जगात गेली चार दशके एक प्रयोग चालू आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले. संगणकाची आज्ञावली कंपनीच्या कुलपात न ठेवता ती कोणीही वाचावी, सुधारावी आणि वाटावी, असे मानणारी ही परंपरा आज ‘ओपन सोर्स’ या नावाने रूढ आहे. उत्पादनाचे साधनच सामाईक करणारा हा प्रयोग समाजवादी कार्यकर्त्याला जवळचा वाटावा. येथे दार सर्वांना उघडे आहे, असा त्याचा दावा आहे.

पण त्या दारातून आत आले कोण? २००६ सालच्या एका युरोपीय पाहणीत या समुदायातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. खाजगी मालकीच्या आज्ञावली-उद्योगात ते २८ टक्क्यांच्या आसपास होते. २०१७ साली ‘गिटहब’ने केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष आणि केवळ ३ टक्के स्त्रिया होत्या. नफ्यासाठी चालणाऱ्या कारखान्यापेक्षा सामाईक शेतच अधिक एकजिनसी निघावे, हा विरोधाभास अस्वस्थ करणारा आहे.

हा विषय कोणी काढला, की ठरावीक प्रश्न उभे राहतात. “दार उघडे असताना अडवले कोणी? त्यांना आवडच नसेल.” “येथे फक्त काम पाहिले जाते. सवलती दिल्या तर गुणवत्तेचे काय?” “आज्ञावली लिहिण्याच्या जागी हे राजकारण कशाला?” विचारणाऱ्याला आपला प्रश्न नवा वाटतो. उत्तर देणारीने मात्र तो शंभरदा ऐकलेला असतो.

या प्रश्नांना उत्तरे नाहीत असे नाही. २००६ साली ‘ग्नोम’ प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी विद्यार्थी-योजनेसाठी १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्रीचा नव्हता. त्याच उन्हाळ्यात खास स्त्रियांसाठी योजना जाहीर होताच सुमारे शंभर अर्ज आले. आवड होतीच, नव्हता तो आपल्याला बोलावले आहे याचा भरवसा. गुणवत्तेचेही तसेच. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रकल्पाला अपरिचित असलेल्या स्त्रियांनी पाठवलेल्या सुधारणा नावावरून स्त्री ओळखू येत नसताना ७१.८ टक्के स्वीकारल्या गेल्या. ओळखू येताच हे प्रमाण ६२.५ टक्क्यांवर उतरले. तराजू निःपक्षपाती आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी तराजू तपासला पाहिजे. आणि हे काम बहुतेकदा फावल्या वेळेत होत असेल, तर तो वेळ कोणाजवळ असतो? भारतातील २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो. पुरुषांचा ९७ मिनिटे.

मात्र उत्तरे उपलब्ध असण्याने काम संपत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर प्रश्न विचारण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि उत्तर देण्याचा खर्च मोठा आहे. हा खर्च समुदाय उचलत नाही. आधीच अल्पसंख्य असलेल्यांच्या माथी तो पडतो. जी स्त्री आज्ञावली लिहायला आली, तिची संध्याकाळ आपल्या उपस्थितीचे समर्थन करण्यात जाते. एक दिवस ती मुकाट्याने निघून जाते आणि मागे राहिलेले म्हणतात, “पाहा, तिला आवड नव्हती!”

यावर उपाय साधा आहे. उत्तर एकदा विचारपूर्वक लिहावे आणि संघटनेच्या नावाने लिहावे. व्हॅलेरी ऑरोरा यांनी (तेव्हाचे नाव वॅल हेन्सन) २००२ सालीच लिनक्समध्ये स्त्रियांना उत्तेजन कसे द्यावे, याचे लेखी मार्गदर्शन तयार केले होते. ‘जँगो’ प्रकल्पाने २०१३ साली आचारसंहिता स्वीकारली. तिच्या जोडीला नेहमीच्या प्रश्नांची उत्तरेही लिहून ठेवली आहेत. प्रश्न आला की त्या मजकुराकडे बोट दाखवावे. आणि हे बोट जुन्या, मानमान्यता असलेल्या सभासदाने दाखवावे, नवागत स्त्रीने नव्हे.

यात एक धोका आहे, तोही ओळखला पाहिजे. लिहून ठेवलेले उत्तर हे पोथी होऊ नये. अजाणतेपणी विचारणाऱ्याला सौजन्याने वाचायला द्यावे. वाचून नवा मुद्दा आणणाऱ्याचे स्वागत करावे आणि त्याचा मुद्दा खरा ठरल्यास मजकूर बदलावा. वाचूनही तोच प्रश्न दर बैठकीत उपस्थित करणारा उत्तर शोधत नसतो, काम अडवत असतो. त्याला थांबवणे ही लोकशाहीची गळचेपी नव्हे. सभेचा वेळ सर्वांचा असतो.

महाराष्ट्राला हा धडा अपरिचित नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. प्रत्यक्ष ओंजळ भरायला मात्र २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. पाणी नाकारल्याच्या वेदनेशी संगणकाच्या कामाची बरोबरी करता येणार नाही. पण ठरावाने उघडलेले आणि व्यवहारात उघडलेले यांतील अंतर दोन्हीकडे तेच आहे.

प्रयत्न केल्यास हे अंतर कापता येते. ‘पायथॉन’ या संगणकभाषेच्या उत्तर अमेरिकेतील परिषदेत २०११ साली वक्त्यांमध्ये स्त्रिया जेमतेम एक टक्का होत्या. संयोजकांनी एकेकीला व्यक्तिशः विचारून बोलते केले आणि २०१४ साली हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर गेले. दार तेच होते. आतले लोक उठून उंबरठ्यापर्यंत आले, एवढाच फरक पडला. आपल्या बैठकीत तोच जुना प्रश्न पुन्हा ऐकू येईल, तेव्हा त्याचे उत्तर देण्याची पाळी कोणाची आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.