गोळ्या अर्ध्यावर का सुटतात?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव म्हणाले, आरोग्यावर बोला. मी काही डॉक्टर नाही. नोकरीची एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधाच्या खिडकीमागे काढली, एवढंच. पण डॉक्टरांना रुग्ण आत येताना दिसतो, मला तो बाहेर पडताना दिसायचा. केसपेपर हातात, चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं. त्या चेहऱ्यावरून पुष्कळदा कळायचं की हा गोळ्या पूर्ण घेणार, की घरी जाऊन ताटीत खोचून ठेवणार.

आपल्या अहेरीकडं हिवताप कुणाला नवीन नाही. त्यातल्या व्हायवॅक्स प्रकारात ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण जंतू यकृतात दडून राहतात, म्हणून प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस घ्यायची असते. एक बाई मला म्हणाली, "ताप गेला ना जी, मंग गोळी कायले?" तिचं काय चुकलं? यकृतात दडलेल्या जंतूंबद्दल तिला कोणी बोललंच नव्हतं. आत एक मिनिट, खिडकीवर अर्धं मिनिट, त्यात कोण काय सांगणार?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. क्षयरोगाचा एक तरुण रुग्ण आतल्या गावाहून आला होता. त्या दिवशी रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. मी पाकिटं दिली, किती केव्हा घ्यायच्या ते सांगितलं आणि "पुढचा" म्हणालो. रिफाम्पिसिनमुळे लघवी लाल-नारिंगी होते, घाबरू नका, हे वाक्य राहून गेलं. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, रक्त जातंय. गोळ्या बंद. जवळजवळ तीन महिन्यांनी आला तेव्हा त्याला त्याच्या भावानं धरून आणला होता. "तुम्ही वाईट दवा देल्ली," तो म्हणाला. मला उत्तर सुचेना. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, घरातल्यांचीही तपासणी करावी लागली. तो बरा झाला, पण ते तीन महिने माझ्याच खात्यावर आहेत.

आपल्या भागात भाषेचाही प्रश्न आहे. माडिया, गोंडी, तेलुगू, बंगाली, मराठी, सगळे एकाच बाकावर बसतात. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई यांनी काम उभं केलं. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा लोक जवळ यायला तयार नव्हते. त्यांनी आधी माडिया शिकून घेतली. सर्चच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांनाच विचारलं की दवाखान्याची भीती का वाटते. त्यातून शोधग्रामला झोपड्यांसारखा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा दवाखाना झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. औषधं जगभर मिळतात तीच. फरक आहे तो माणसाला तिथं आपलं वाटण्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे उपचार सरासरी निम्मेच रुग्ण नीट घेतात. म्हणजे आपलेच लोक अडाणी, असं कोणी म्हणू नये. मात्र सगळं खापर ओपीडीवरही फोडता येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. तिकडचा माणूस दवाखान्यावर कितीही खूश असला तरी दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या आणणार कसा? शिवाय ज्याला गुण येतो त्यालाच दवाखाना आवडतो, हेही आहेच. आधी काय, नंतर काय, हे खिडकीतून मला कधी नीट कळलं नाही.

आणि दुसऱ्यांना सांगणारा मी! निवृत्तीनंतर मला बीपी निघाला. एका दवाखान्यात तीन तास बसलो. डॉक्टरांनी मान वर न करता "तेच चालू ठेवा" लिहिलं. मला काही त्रास नव्हता, रागही आला होता. चार महिने गोळी घेतली नाही, घरीही सांगितलं नाही. मग एका सकाळी जिन्यात भोवळ आली. आपल्या समोरच्या घरातल्या सिस्टर ताईंनी मोजलं, १९०/११०. रागावतील म्हणून मी तयारच होतो. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, गोळी परवडत नाही, की आवडत नाही, की विसरता?" एकतीस वर्षांत हा प्रश्न मी एकाही रुग्णाला विचारला नव्हता. त्या दिवसापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही. दवाखाना तोच आहे, बाकही तेच.

अध्यक्षांनी परवानगी दिली आहे, तेव्हा दर रविवारी सकाळी आठ ते दहा मी संस्थेच्या कार्यालयात बीपीचं यंत्र घेऊन बसणार आहे. सिस्टर ताई जमेल तेव्हा येतील. येताना घरातली औषधांची पाकिटं आणा, अर्धी राहिलेली तर नक्की आणा. का राहिली ते सांगा. कोणी रागावणार नाही. चहा वहिनींकडून येईल, साखर मात्र विचारून.