सिस्टीम बंद पडली तर माल कसा देता?

आपल्या भागातून सौदीला निघालेली पोरं अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, तिकडे सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं म्हणे. मग क्लास लावून जाऊ का?" लावा, जरूर लावा. एक्सेल येणाऱ्या माणसाला तिकडे मजुराचा स्टोअरकीपर होता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण क्लासची फी भरण्याआधी दोन हकिकती ऐका. एक फार मोठ्या कंपनीची, दुसरी आमच्या स्टोअरची.

पहिली १५ ऑगस्ट २०१२ची. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन. सौदीत तेव्हा रमजान संपत आला होता, ईद चार दिवसांवर होती. त्यातून वार बुधवार. त्या काळी तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची, २०१३मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली. म्हणजे आठवड्याचा शेवटचा दिवस आणि पुष्कळ लोक आधीच रजेवर. नेमका तोच मुहूर्त साधून सौदी अरामको या प्रचंड तेल कंपनीच्या कॉम्प्युटरांमध्ये कोणीतरी व्हायरस सोडला. शमून त्याचं नाव. काही तासांत सुमारे ३०,००० कॉम्प्युटर निकामी झाले. फायली गेल्या आणि त्यांच्या जागी जळत्या अमेरिकी झेंड्याच्या चित्राचा तुकडा राहिला.

आता गंमत बघा. जमिनीतून तेल निघायचं थांबलं नाही. विहिरी आणि प्लांट चालवणारी यंत्रणा ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळी ठेवलेली होती, म्हणून ती वाचली. अडकलं ते कागदाचं काम. पुढे याच कंपनीच्या परदेशी शाखेसाठी काम केलेल्या संगणक-सुरक्षा तज्ज्ञ ख्रिस कुबेका यांनी ती हकिकत जाहीरपणे सांगितली. लोकांनी टाइपरायटर बाहेर काढले, करारमदार एकेक पान फॅक्स करून पाठवले. पेट्रोल न्यायला आलेल्या टँकरना परत लावावं लागलं, कारण तेल होतं पण त्याचा हिशोब करणारी सिस्टीम नव्हती. शेवटी देशांतर्गत पुरवठा अडू नये म्हणून काही तेल फुकट द्यावं लागलं, असंही त्या म्हणतात. विचार करा, माल दारात उभा, गिऱ्हाईक दारात उभं, आणि मध्ये एक काळा पडलेला स्क्रीन.

आमची हकिकत याच्यापुढे चिल्लर. पण तुमच्या वाट्याला येईल ती अशीच चिल्लर.

मी जुबैलला एका ठेकेदाराकडे स्टोअरमध्ये होतो. गेलो तेव्हा प्रत्येक रॅकला एक जाड कार्ड लोंबकळत असायचं, बिन कार्ड. माल आला की लिहायचं, दिला की लिहायचं, शेवटच्या रकान्यात शिल्लक. आमचे वरिष्ठ केरळचे, सगळे त्यांना इक्का म्हणायचे. त्यांचा दंडक होता, आधी कार्ड, मग माल हातात. नंतर कंपनीने नवीन सॉफ्टवेअर आणलं. खोटं कशाला बोलू, फार सुख झालं. महिनाअखेरीला मोजणी करायला आम्ही चार-पाच दिवस धूळ खात बसायचो, ते काम एका दिवसावर आलं. कुठला बोल्ट कुठल्या साइटवर गेला ते बसल्या जागी कळायचं. मग साहेबांनी हुकूम काढला, बिन कार्डं काढून टाका, दोनदा लिहिण्यात वेळ जातो. आम्ही काढली. इक्कांनी मात्र त्यांच्या हातातल्या दोन रॅकची ठेवली. आम्ही हसलो त्यांना.

जुलैचा महिना होता. समुद्राच्या पाण्याच्या लाइनवर काम चालू होतं. तुम्हाला ठाऊक असेल, सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. त्यामुळे काम पहाटे सुरू करायचं आणि बाराच्या आत जमेल तेवढं उरकायचं. सकाळी गेलेला एक तास दुपारी भरून निघत नाही. अशा दिवशी पहाटेच सर्व्हर बंद पडला. फोरमन गॅस्केट घ्यायला आला. गॅस्केट समोर रॅकवर दिसत होती, हात लांब केला की मिळतील अशी. पण सिस्टीममध्ये नोंद केल्याशिवाय द्यायची नाहीत, हा नियम. नोंद करायला सिस्टीम नाही. किती शिल्लक आहेत, त्यातली कुठली दुसऱ्या साइटसाठी राखून ठेवलीत, कोणालाच सांगता येईना. तीसेक फिटर पाइपांच्या सावलीला बसून राहिले. ते काही आळशी नव्हते. हिशोबात मात्र त्या दिवसाचं काम कमी लागलं ते त्यांच्याच नावावर, आणि ओव्हरटाइमही गेला त्यांचाच. सर्व्हरच्या नावावर काहीच लागलं नाही. हे मला अजून खटकतं.

इक्कांच्या दोन रॅकचा माल मात्र साडेपाचला सुटला. त्यांनी कार्डावर लिहिलं, फोरमनची सही घेतली, आणि सिस्टीम आल्यावर दुसऱ्या दिवशी चढवलं. लिहायला किती वेळ लागला असेल? चहा निवायच्या आत झालं.

यावरून कॉम्प्युटर वाईट असं समजू नका. पूर्वी पगाराच्या दिवशी पाकिटासाठी रांग लागायची, अर्धा दिवस जायचा, आणि पाकीट उशिरा आलं तर पुरावा काय दाखवणार? २०१३पासून सरकारने टप्प्याटप्प्याने पगार बँकेतून देणं बंधनकारक केलं, आता त्याची नोंद राहते. उस्मानियाच्या गॅस प्लांटमध्ये ड्रोनने पाइपलाइन तपासतात, तिथे माणसांना उन्हात चालत जावं लागत नाही. २०१९मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने त्या प्लांटचं नाव जगातल्या पुढारलेल्या कारखान्यांच्या यादीत घेतलं. फक्त बोटाचा ठसा घेणाऱ्या हजेरीच्या मशीनचं कौतुक मी करणार नाही. सिमेंटने बोटं झिजलेल्या गवंड्याला ते ओळखत नाही, आणि गेटवर मागे सगळी गाडी खोळंबते.

तर पोरांनो, क्लास लावाच. पण शिल्लक हाताने काढायला शिका, भाग क्रमांक तोंडपाठ असू द्या, आणि रोज संध्याकाळी तुमच्या हातातल्या महत्त्वाच्या मालाचा आकडा एका वहीत उतरवा. कोणी हसलं तर हसू द्या. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, "सिस्टीम बंद पडली तर माल कसा देता?" साहेब खांदे उडवतील कदाचित. मग स्टोअरमधल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे जा आणि बिन कार्ड कुठे मिळेल ते विचारा. बहुतेक त्याच्या टेबलाच्या खणात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असेल.