कायद्याचा विद्यार्थी आणि कच्चा कैदी

१९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले. मोफत कायदेसाहाय्य हे शासनाचे कर्तव्य ठरले. तरी १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारचे कच्चे कैदी संभाव्य शिक्षेहूनही अधिक काळ डांबलेले आढळलेच!

सनदेअभावी विद्यार्थ्याला न्यायालयात बाजू मांडता येत नाही. पण कोठडीचे दिवस मोजता येतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी दोषी न ठरलेला व एकाच गुन्ह्यात अडकलेला कैदी कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सुटकेस पात्र होतो. अर्ज तुरुंग अधीक्षकाने करावयाचा. परंतु हिशेब मागणाराच नसेल तर कागद हलणार कसा? गुणांपुरत्या वार्षिक शिबिराने हे साधत नाही. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला तुरुंग गाठावा. कैद्याचे घर कार्यकर्त्यांनी शोधावे.