जुबिलीचे शिंग
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



गेले कित्येक दिवस ‘जुबिली’ हा एकच शब्द आपणां सर्वांच्या मुखी आहे. देवळाला नवा रंग चढला, पताका लागल्या, बँडवाल्यांस सुपारी दिली गेली. अशा आनंदाच्या प्रसंगी ह्या शब्दाचे माहेर कोणते, हे क्षणभर पाहावे असे आम्हांस वाटते. हा शब्द इब्री भाषेतील ‘योबेल’ ह्या शब्दापासून आला आहे, आणि योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. लेवीय ह्या ग्रंथाच्या 25व्या अध्यायात त्याची हकीकत आहे. आणि तो अध्याय यहुदी लोक आजही प्रतिवर्षी आपल्या सभास्थानात मोठ्याने वाचतात.

त्यांची रीत अशी आहे. मोशेच्या पाच ग्रंथांना ते तोरा म्हणतात. तिचे 54 पाठ पाडलेले असून दर शब्बाथास, म्हणजे शनिवारी, नेमलेला पाठ वाचावयाचा आणि वर्षभरात सर्व तोरा पुरी करावयाची. ज्या दिवशी मोशेच्या मृत्यूची शेवटली वचने वाचली जातात, त्याच दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ होतो. सोमवारी व गुरुवारीही थोडे वाचन असते. त्याचे कारण त्यांचे गुरू, ज्यांस रब्बी म्हणतात, मोठ्या मार्मिकपणे सांगतात: इस्राएल लोक रानात तीन दिवस पाण्यावाचून चालले आणि कष्टी झाले, देवाचे वचन हेच पाणी, तेव्हा त्याच्यावाचून मनुष्याचे तीन दिवस जाऊ नयेत.

ही माणसे आपणांस अगदीच परकी नव्हेत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळीत, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान 1796 साली बांधले गेले. पुढे 1948 नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएल देशी गेले. पूर्वीच्या काळी ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांविषयी पुष्कळ कठोर भाषा वापरली, हे आपण नाकारू नये. 1965 साली व्हॅटिकन परिषदेने तो द्वेष स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला आणि त्यांचे व आपले मूळ एक असल्याची आठवण दिली. आपला प्रभूही नासरेथच्या सभास्थानात शब्बाथाच्या दिवशीच वाचावयास उभा राहिला होता. तेव्हा त्यांच्या पाठातून आपण काही शिकलो, तर त्यात कमीपणा नाही.

आता तो जुबिलीचा पाठ पाहू. सात वेळा सात वर्षे लोटली की 50वे वर्ष पवित्र मानावे. प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे. दास मोकळा व्हावा, विकलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावी. रब्बींनी येथे एक सुंदर तपशील सांगितला आहे. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत दास घरीही जात नसे आणि धन्याची चाकरीही करीत नसे. तो खाई, पिई, डोक्यावर मुकुट घालून आनंद करी. दहाव्या दिवशी शिंग वाजले, की मगच दास आपल्या घरी जाई आणि शेत आपल्या धन्याकडे परते. पाहा, आनंद आधी झाला खरा. परंतु शिंग वाजले ते देणे परत करण्यासाठी!

त्याच पाठात, बांधव दरिद्री होऊ लागला तर त्यास हात द्यावा, अशी आज्ञा आहे. राशी नामक टीकाकाराने, जो 1040 ते 1105 ह्या काळात फ्रान्स देशी होऊन गेला, जुन्या रब्बींचा एक दृष्टांत येथे दिला आहे. गाढवाच्या पाठीवरचे ओझे कलू लागले, तर एक मनुष्य ते सावरू शकतो. तेच भुईवर पडले, तर पाच जणांनाही उचलत नाही. आपल्यापैकी कोणाचे ओझे आज कलले आहे, हे शेजाऱ्यास बहुधा ठाऊक असते. जमीन गहाण पडल्यावर हळहळ करण्यापेक्षा, त्याआधी दारी जाऊन विचारणे बरे.

तिसरी गोष्ट आम्हांस फार झोंबणारी आहे. ‘एकमेकांस नाडू नका’ ह्या अर्थाची आज्ञा ह्या अध्यायात दोनदा आली आहे. रब्बी म्हणतात, देवाच्या ग्रंथात एकही शब्द वायफळ नसतो. म्हणून पहिली आज्ञा पैशाच्या फसवणुकीची व दुसरी शब्दांच्या फसवणुकीची. पैशाविषयी त्यांनी चोख हिशेब घातला: वाजवी किमतीहून सहाव्या हिश्शाइतके जास्त घेतले तर ते परत द्यावे, त्याहून अधिक घेतले तर व्यवहारच रद्द. शब्दांच्या अपराधाला मात्र असे माप नाही. घ्यावयाचे नसता दुकानदारास उगीच भाव विचारू नये. पश्चात्ताप केलेल्या मनुष्यास त्याची जुनी कृत्ये आठवून देऊ नयेत. हे पैशाच्या फसवणुकीहून वाईट, कारण पैसा परत करता येतो, शब्द परत करता येत नाही. चारचौघांत कोणास लाजविणे म्हणजे रक्त सांडणेच होय, असे ते म्हणतात; कारण त्याच्या चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढरा पडतो.

तो पांढरा पडलेला चेहरा आम्ही पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात, दारू सोडून वर्षभर नियमाने मिस्सास येणाऱ्या एका बांधवास आम्ही पंक्तीत थट्टेने त्याचे जुने दिवस आठवून दिले. सारे हसले. तो हसला नाही. पान अर्धे टाकून उठला, आणि पुढे कित्येक रविवार देवळात दिसला नाही. आम्ही कुमसार केला. परंतु त्याच्या दारी जाण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. रब्बींची शिकवण अशी, की देवाविरुद्धचे पाप प्रायश्चित्ताच्या दिवशी क्षमा पावते, परंतु शेजाऱ्याविरुद्धचे पाप त्या शेजाऱ्याची समजूत काढल्यावाचून नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे आपल्या प्रभूनेही सांगितलेच आहे. तो बांधव आम्हांस पाहून म्हणाला, “या, बसा.” तेवढ्या दोन शब्दांनी जे आमच्या मानेवरून उतरले, ते आम्हीच जाणतो.

बंधुभगिनींनो, रंग चार पावसाळ्यांत जाईल, पताका उद्या उतरतील. परंतु बांधाच्या तंट्यावरून ज्या दोन भावांनी वर्षानुवर्षे तोंड फिरविले आहे, त्यांपैकी एकाने जरी ह्या आठवड्यात दुसऱ्याच्या ओट्यावर पाय ठेवला, तरी आपल्या धर्मग्रामात शिंग खरोखर वाजले असे समजावे. देव आपणां सर्वांस ती बुद्धी देवो, इतकी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.